नदीची काठवट

भिंतीवर टांगलेली काठवट वाऱ्यानं हलली आणि एकदाच वाजली. ठक्.

घरात दुसरा कसलाच आवाज नव्हता. दुपारचे दोन वाजले होते. नभा पंख्याखाली उताणी झोपली होती, एक पाय माझ्या मांडीवर टाकून. मी तिच्याकडे पाहिलं. ती जागी झाली असती तर बरं झालं असतं. तिला पाणी पाजायला, तिच्या कपाळावरचा घाम पुसायला उठले असते, आणि समोरच्या लॅपटॉपच्या पडद्यावरची ती ओळ पुन्हा वाचावी लागली नसती. पण तिनं फक्त ओठ चावल्यासारखे केले आणि कूस बदलली.

ओळ अशी होती: नदीतील सर्व चौदा नमुन्यांत तळे क्रमांक एकची खूण आढळली. तळे क्रमांक चारची खूण एकाही नमुन्यात नाही.

प्रयोगशाळेचा हा अहवाल माझ्या एकटीच्या नावानं आला होता, कारण खाणीवरच्या पाण्याचा आणि गाळाचा कारभार माझ्याकडे. तो येऊन अकरा दिवस झाले होते. नभा झोपली की मी तो उघडत होते आणि ती उठायच्या आत मिटत होते.

त्या दोन वाक्यांचा अर्थ साधा होता. पंपावरचे फागूकाका निर्दोष होते. आणि तळं एकमधलं पाणी नदीत कसं गेलं, हे साऱ्या जगात एकाच बाईला माहीत होतं.

*

आमची खाण म्हणजे डोंगर पोखरणारी, बोगद्यांची खाण नव्हे. धुसरी नदी हजारो वर्षांपूर्वी जिथून वाहायची तिथं आता माळ आहे. वीतभर मातीखाली गोट्यांचा आणि रेतीचा थर लागतो, आणि त्यात सोन्याचे कण असतात, रव्यापेक्षाही बारीक. तो थर उकरायचा, फिरत्या जाळीत पाण्यानं झोडपायचा आणि उतरत्या पन्हळीवरून सोडायचा. सोनं जड, ते पन्हळीतल्या आडव्या पट्ट्यांमागं बसून राहतं. बाकी सगळं वाहून जातं. चौदा माणसांची खाण, सौरपंप, चार तळी. एवढंच.

सोनं मिळवणं यातलं सोपं काम. अवघड ते पुढं असतं. एक घमेलं माती धुवायला सात-आठ घमेली पाणी लागतं, आणि ते पाणी पन्हळीखालून बाहेर पडतं तेव्हा त्याचा तांबडा काला झालेला असतो. तो नदीत सोडायचा नाही, कायदा आहे. एकातून दुसऱ्यात अशा चार तळ्यांतून तो न्यायचा, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी पुन्हा पंपानं जाळीवर आणायचं. पण चिकणमातीचे कण इतके बारीक असतात की ते बसतच नाहीत. प्रत्येकावर सारखाच विद्युतभार, जवळ आले की एकमेकांना ढकलतात. काचेच्या बरणीत भरून ठेवा, महिन्यानंही गढूळच दिसेल.

माझी माय माठात पाणी भरायच्या आधी आतून निवळीची बी घासायची. घटकाभरात पाणी स्वच्छ. त्या बीतल्या प्रथिनावर उलटा भार असतो, ते मातीच्या कणांना एकमेकांशी बांधतं, गोळे होतात, गोळे बुडतात. शास्त्रज्ञांनी नेमकं ते प्रथिन बनवायची कृती यीस्टच्या पेशीत बसवली. यीस्ट म्हणजे पाव फुगवणारं, मोहाची फुलं आंबवणारं तेच साधं खमीर. आणि वर एक हुशारी केली. त्याला उजेड ओळखायला शिकवलं. पाणी गढूळ असलं, आत अंधार असला, की ते कामाला लागतं. पाणी निवळून ऊन आत शिरलं की स्वस्थ बसतं. ना मोजमाप, ना मोटार, ना माणूस. दहा मिनिटांत तळ्याचा तळ दिसायचा. पहिल्या दिवशी तर आमच्या ड्रायव्हरनं टाळ्या वाजवल्या होत्या.

ते सुटलं तर काय, याचाही विचार झालेला होता. प्रत्येक तळ्यातल्या खमिराच्या पेशीत वेगळी खूण ठेवली होती, म्हणजे गळती कुठून झाली ते कळावं. आणि त्याची साखर आम्हीच घालायची. साखर बंद केली की आठवड्यात मरतं, नदीत त्याला कोण साखर घालणार? तळ्याबाहेर ते जगू शकत नाही, असं पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर होतं. मी ते पान वाचलं होतं. खाली सही केली होती.

*

आम्ही सोनझरी. आमच्या बायका पिढ्यान्पिढ्या धुसरीच्या रेतीत सोन्यासाठी काठवट फिरवत आल्या. काठवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायची असते तशीच, पण उथळ आणि गुळगुळीत झालेली. हंगाम संपतो त्या दिवशी शेवटची काठवट धुवायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज. जी रेती सगळ्यात जड, जिच्यात सोनं आहे असं हाताला कळतं, तीच भरायची, वर मूठभर सुके मोह, साखरेनं भरलेली ती फुलं, टाकायचे आणि नदीतल्या मावलीच्या डोहात तशीच ओतून द्यायची. नदीची काठवट म्हणतात तिला. नदीचं थोडं नदीला.

खाणीवर टेबलाशी बसणारी पहिली सोनझरी बाई मी. पहिला हंगाम संपला तेव्हा मला सातवा महिना होता. माय, म्हणजे माझी आई सुकवारो, सकाळीच फाटकापाशी येऊन उभी राहिली.

"नदीची काठवट दिली का नाई तुमच्या साहेबानं?"

"माय, ती कंपनी आहे. कंपनी कुठं देते?"

"कंपनीचं मी नाई इचारत. तू देशीन का नाई? पहिलटकरीन हायेस, भरल्या पोटानं नदीचं ठेवून घेऊ नये वो."

मी हसले. मग एक बादली घेऊन तळं एकवर गेले. पन्हळीखालचं पहिलं तळं, सगळ्यात जड गाळ तिथंच; रिवाजाप्रमाणं द्यायचं तर तोच द्यायला हवा. बादली जड होती म्हणून मायनं एका बाजूनं धरली. डोहावर उंबराची गर्द सावली, पाणी काळंशार आणि थंड. मायनं कमरेची पिशवी सोडून मूठभर मोह बादलीत टाकले.

त्या वेळी माझ्या मनात काही आलं नाही, असं लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं. आलं होतं. बादली तिरपी करताना ते पहिलं पान डोळ्यासमोर येऊन गेलं होतं. पण तेवढ्यात पोटात नभा हलली. मायनं माझ्या पोटावर ओला हात ठेवला आणि म्हणाली, "पाह्य, नदीनं घेतलं." मी बादली उलटी केली.

अंधारा, संथ डोह आणि मूठभर साखर. त्या खमिराला याहून चांगलं घर मला शोधूनही सापडलं नसतं. आणि पुढं दर वर्षी आमच्या टोल्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, अठरा-वीस बायका त्याच डोहात मोह सोडत राहिल्या. आम्ही त्याला पोसलं. भक्तिभावानं.

*

पहिली तीन वर्षं काही दिसलं नाही. चौथ्या पावसाळ्यात धुसरी पुराच्या दिवसांतही निळसर वाहिली. जिचं नावच धुसरी, तिच्या तळाचे गोटे मोजता येऊ लागले. लोक लांबून गाड्या करून पाहायला आले, फोटो काढले, तिला काचेची नदी म्हणू लागले. सगळ्यांना वाटलं, खाणीवरच्या चांगल्या व्यवस्थेचं फळ. तालुक्याच्या सभागृहात मला शाल आणि नारळ मिळाला. नभा तेव्हा चार वर्षांची. मंचासमोरून ओरडली, "माझी आई नदी धुते!" सगळे हसले. मीही.

गढूळ पाणी म्हणजे घाण पाणी नव्हे, हे मला शिकवायला पाहिजे होतं का? मी तर त्या पाण्याच्या काठी वाढलेली. गढुळात मासा लपतो. काचेत तो बगळ्यांच्या आणि पोरांच्या दगडांच्या तोंडी सापडतो. गढुळात ऊन तळाशी पोचत नाही. काचेत पोचतं, आणि गोट्यांवर शेवाळाचे गालिचे चढतात, ते कुजतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. त्या पाण्यावर तरंगत येणारा गाळ खालच्या पट्ट्यात वांग्या-मिरच्यांच्या वाफ्यांना मिळायचा; आता तो सगळा मावलीच्या डोहातच गोळे होऊन बसू लागला. आणि त्या गोळ्यांत धुसरीचं पिठासारखं बारीक सोनंही बसलं. पुरुषभर खोल, कुणाच्या काठवटीला न पोचणारं. मागच्या हंगामात माय सतरा दिवस वाकली आणि गुंजभरही हाती लागलं नाही. अठराव्या दिवशी तिनं काठवट आणून माझ्या भिंतीवर टांगली. "राहू दे इथंच," म्हणाली. "पीठ मळायलेबी कामाची नाई, भोक पडलं हाये."

पाहिलं तर भोक नव्हतं.

यंदा उन्हाळ्यात मासे मेले, काठ पांढरा झाला, आणि मग चौकशी लागली. नदीत खमीर सापडलं. दफ्तर उघडलं गेलं. पहिल्याच वर्षीच्या पावसाळ्यातल्या एका पानावर, तळं चारचं नदीकडचं गेट लावल्याची नोंद करायची जागा कोरी होती. मोठं वादळ झालं होतं त्या दिवशी. पंपावर होते फागूकाका.

*

फोन वाजला तेव्हा नभा उठून बसली. व्यवस्थापक कटरे साहेब.

"दमयंतीबाई, तो प्रयोगशाळेचा कागद आला का हो?"

नभा माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"नाही सर. अजून नाही."

"जाऊ द्या. सोमवारी चौकशी समितीसमोर प्रकरण मिटवून टाकू. फागू लेखी कबुली देतो म्हणतोय, बिचारा. म्हातारा माणूस आहे, पोलिसांत नाही देणार आपण. फक्त कामावरून कमी करू. तुम्हाला काय वाटतं?"

"हो सर," मी म्हणाले.

फोन ठेवला. नभानं विचारलं, "काय नाही आलं, आई?"

"काही नाही गं. कागद."

ती उठली आणि माझ्यासमोरच्या पडद्याकडे बघत, अजून नीट वाचता येत नसतानाही म्हणाली, "हा आहे की एक."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी फागूकाका आले. माय दारात बसून चवळीच्या शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"ये गा फागू. पंपाची किल्ली हरपे तुही रोज. चपला तरी सापडल्या का आज?"

"एक सापडली, सुकवारोबाई," काका म्हणाले, आणि खरंच त्यांच्या पायांत दोन वेगळ्या चपला होत्या.

"हसू नोको. माही काठवट भिताडावर टांगली ते तुह्याच पायी."

काकांनी काठवटीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग खिशातून पळसाच्या पानाची होडी काढली आणि नभापुढं धरली. नभानं हात पाठीमागं नेले.

"माझी तुझ्याशी कट्टी आहे," ती म्हणाली. "तू मासे मारलेस. शाळेत सगळ्यांची कट्टी आहे तुझ्याशी."

"बरोबर हाये पोरी तुहं," काका म्हणाले. त्यांनी होडी हळूच उंबऱ्यावर ठेवली.

मला बोलायला हवं होतं. तेव्हाच, त्या होडीच्या आधी. मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तेव्हा ते चटईवर बसले होते, पुढ्यात कोरा कागद.

"दमी, लिहून दे वो मले. तुहं अक्षर चांगलं हाये. साहेब म्हनते, कबुली साध्या शब्दात पायजे."

"काका, तुम्हाला नक्की आठवतं का? गेट उघडं राहिलं ते?"

त्यांनी उजव्या हाताकडे पाहिलं. चाक फिरवल्यासारखा तो त्यांनी हवेत फिरवला.

"आधी वाटे, लावलं होतं. पान्यानं चाक घसरत होतं, दुपट्टा गुंडाळून फिरवलं, हाताले आठवे. मंग एवढे शिकलेले लोक म्हनाले, नाई लावलं. आता डोये मिटले का उघडंच दिसते. फागूचंच चुकलं असन. दुसरं कोन व्हतं तिथं?"

"लिव वो," माय शेंगा सोलता सोलता म्हणाली. "एकडाव लिव आन मोकया कर त्याले."

मी पेन घेतलं. काका सांगू लागले, शाळेत उभं राहून कविता म्हणावी तसे, ताठ बसून. "मी, फागूलाल सुकरू मडावी, राहनार..."

मी 'मी' लिहिलं. त्यानंतर त्यांचं नाव लिहायचं होतं.

मला मायचं नाव यात यायला नको होतं. अकरा दिवस मी स्वतःला हेच सांगत होते. तिनं उभा जन्म नदीचं थोडं नदीला दिलं, आणि त्या देण्यानंच नदी मेली हे तिला कळू नये, म्हणून मी गप्प आहे. किती छान कारण होतं. मायचा पदर किती मोठा, एवढी मोठी मुलगी त्याआड मावली. पण साहेबांना 'नाही' म्हणताना मला माय आठवली नव्हती. शाल आठवली होती. टेबल आठवलं होतं. आणि नभाचं ते मंचासमोरून ओरडणं.

काका सांगत होते. मी लिहीत होते. ते थांबले तरी मी लिहीतच होते.

"झालं? लय लांब झालं वो," ते म्हणाले. "वाचून दाखव."

मी वाचलं.

"मी, दमयंती खेमराज नेवारे, खाणीवरील पाणी व गाळ विभागाची प्रमुख, लिहून देते की, पहिल्या हंगामाच्या शेवटी तळे क्रमांक एकमधील एक बादली गाळ मी स्वतः मावलीच्या डोहात ओतला. त्यात जिवंत खमीर होते आणि वर मोहाची फुले होती. ते नदीत सोडायचे नाही हे मला ठाऊक होते. नदीत सापडलेले सर्व खमीर तळे एकचे आहे. तळे चारचा एकही अंश नाही. तसा अहवाल बारा दिवसांपूर्वी माझ्याकडे आला असून मी तो दडवून ठेवला. फागूलाल मडावी यांचा यात काहीही दोष नाही."

शेंगा सोलायचा आवाज थांबला होता.

फागूकाका ओरडतील, चहाचा कप फेकतील, असं काहीतरी मी धरून चालले होते. निदान शिवी तरी देतील. ते नुसते पुढं झुकले, आणि अगदी हळू, कुणी ऐकेल की काय अशा भीतीनं विचारलं, "म्हंजे... गेट मी लावलं होतं?"

"लावलं होतं, काका. उघडं असतं तर चारची खूण नदीत सापडली असती. तुम्ही नीट लावलं होतं."

त्यांनी उजवा हात डाव्या हातात घेतला. हरवून सापडलेली वस्तू चाचपावी तसा तो चाचपत राहिले. "पाह्य," ते स्वतःशीच म्हणाले, "हात बरोबर सांगत होता."

माय उठली. तिच्या पदरातल्या शेंगा जमिनीवर पडल्या. भिंतीपाशी जाऊन तिनं काठवट खाली काढली, आणि तिच्या गुळगुळीत खोलगट जागेवरून बोट फिरवलं, जिथं भोक आहे असं ती म्हणाली होती तिथून.

"मोह माहेच व्हते," ती म्हणाली. "बादली एका अंगानं म्याबी धरली होती. तेबी लिव."

"माय, तुला माहीत नव्हतं."

"आन तुले व्हतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तिच्याकडे पाहू शकले असते. "फागू, म्या तुले काय काय बोलली गा इतके दिवस."

 काकांनी होडी उचलली नाही, चहाही घेतला नाही. हात मात्र अजून हातातच धरलेला होता.

नभा या सगळ्यात उंबऱ्यावर उभी होती. ती आधी काकांकडे बघायची, मग आजीकडे, मग माझ्याकडे. पाच वर्षांच्या डोक्यात ती हिशेब जुळवत होती, आणि तो जुळतोय हे मला तिच्या कपाळावर दिसत होतं. ती वाकली, पळसाची होडी उचलून तिनं छातीशी धरली. मग फागूकाकांच्या जवळ जाऊन दोन बोटं पुढं केली, बट्टीची. काकांनी आपली दोन बोटं तिच्या बोटांना लावली.

मग ती माझ्याकडे वळली. करंगळी अर्धी वर, अर्धी खाली.  उत्तर चुकू नये म्हणून बाईंना वर्गात विचारावं तसं तिनं मला विचारलं,

"आई, मग आता मी कट्टी कुणाशी करू?"